ओव्याची पुरचुंडी हवी, लसणीचं तेल नको

जून लागून हवा दमट झाली की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कानांचे प्रश्न सुरू होतात. मी फार्मसी कॉलेजात वनौषधींचा विषय शिकवायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे दवाखान्याची पायरी चढण्याआधी पुष्कळजण माझी बेल वाजवतात. "काकू, लसूण तेलात कढवून घातली तर चालेल ना?" "मावशी, तुमच्या कुंडीतलं सुदर्शनाचं एक पान द्याल का?" परवा समोरच्या इमारतीतली एक तरुण आई रात्री उशिरा आली. सासूबाई म्हणत होत्या तुळशीचा रस घाल, मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणत होता कांद्याचा घाल, आणि कडेवरचा मुलगा कान धरून हुंदके देत होता. तिला त्या वेळी जेवढं घाईत सांगता आलं तेवढं सांगितलं. आज सगळं नीट लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी हे पानच पुढे करता येईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्या घरच्या उपायांतला शेक चांगला आहे, तो अगदी निर्धास्तपणे करा. कानात काहीतरी पिळणं, ओतणं, थेंब सोडणं मात्र कान कुणी तपासून पडदा शाबूत आहे असं सांगेपर्यंत बाजूला ठेवा. या वनस्पती कुचकामी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्या पानांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी नोकरी गेली. त्यांच्यात काय काय भरलेलं असतं हे माहीत आहे, म्हणूनच त्या डोळे झाकून कानात घालू नयेत असं मला वाटतं.

कानाची बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाशी पडदा. हा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा, पण तीन थरांचा, आणि त्याचा बाहेरचा थर त्वचेचाच असतो. पडद्यापलीकडे मध्यकर्ण ही हवेने भरलेली छोटीशी पोकळी आहे. तिथून एक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की तिचं तोंड सुजून बंद होतं, मध्यकर्णात पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात आणि पडदा आतून ताणला जातो. मुलं मध्यरात्री किंचाळत उठतात ती बहुतेक वेळा या दुखण्याने. म्हणजे दुखण्याचं मूळ पडद्याच्या आत, आणि आपण तेल सोडतो पडद्याच्या बाहेर.

बाहेरच्या नळीचा दाह हे दुखणं निराळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत टिळक तलावावर रोज पोहणारी मुलं, कानात हेअरपिन किंवा काडी घालून खाजवायची सवय असलेली मोठी माणसं यांना ते होतं. ओळखायला एक साधी खूण आहे. कान हलकेच वर-मागे ओढला किंवा कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला आणि जीव जाईल अशी कळ आली, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे. दाबून विशेष फरक पडत नाही, पण सर्दी आहे, ताप आहे, कान भरल्यासारखा वाटतोय, तर बहुधा मध्यकर्णात. आणि कधी कधी कानात काहीच नसतं. दाढ, टॉन्सिल, जबड्याचा सांधा यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या शाखा कानालाही जातात, त्यामुळे किडलेली अक्कलदाढ चक्क कानात ठणकते. दाढेच्या दुखण्यावर आठवडाभर कानात तेल घालत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता लसूण. पुण्यात काय, कोकणात काय, पद्धत साधारण एकच. लोखंडी पळीत खोबरेल नाहीतर तिळाचं तेल घ्यायचं, त्यात लसणीच्या पाकळ्या ठेचून टाकायच्या, लालसर होईपर्यंत कढवायच्या, तेल गाळून कोमट झालं की दोन थेंब कानात आणि वर कापसाचा बोळा. लसणीच्या पाकळीत ॲलिइन नावाचं एक द्रव्य असतं आणि पेशीच्या वेगळ्या कप्प्यात ॲलिइनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. लसणीचा तो झणझणीत वास त्यातूनच येतो. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकेतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढलं आणि जंतूंवर चालतं हेही दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या बशीत ॲलिसिनने कितीतरी जंतू मारून दाखवले आहेत. लसूण जंतुनाशक आहे हे आजीचं म्हणणं खरंच आहे.

पण पळीत काय होतं ते बघा. विकर उष्णतेने निकामी होतं. ठेचलेली लसूण लगेच कडकडीत तेलात पडली तर ॲलिसिन तयार व्हायलाच फारसा अवधी मिळत नाही, आणि जे तयार झालं असेल तेही तापल्यावर मोडतं. लालसर लसणीच्या खमंग तेलात दुसरी गंधकयुक्त द्रव्यं उतरतात, पण ज्याच्यासाठी लसूण घेतली तो गुण बराचसा पळीतच संपलेला असतो. मग कच्चा रस घालावा का? तो तर मुळीच नको. कच्ची लसूण त्वचेवर बांधून ठेवल्याने भाजल्यासारखे फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कानाच्या नळीच्या आतल्या भागातली त्वचा तर फारच पातळ, थेट हाडावर ताणून बसवलेली असते.

तरी लसणीच्या तेलाने आराम पडतो, हे मीही लहानपणी अनुभवलंय. त्याची कारणं आहेत. ताणलेल्या पडद्यावर वेदनेच्या नसांची टोकं असतात. कोमट तेल त्यांना स्पर्श करतं तेव्हा थोडा वेळ बरं वाटू शकतं. आत साठलेल्या पाण्याला आणि जंतूंना त्याचा धक्काही लागलेला नसतो.

या विषयावर खऱ्या अर्थाने मुलांवर केलेल्या चाचण्या थोड्या आहेत, पण आहेत. इस्रायलमधल्या बालरोगतज्ज्ञांनी २००१ मध्ये ६ ते १८ वर्षांच्या १०३ मुलांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना मध्यकर्णाच्या दाहाने कानदुखी होती. काहींना लसूण, कॅलेंडुला, व्हर्बास्कम आणि हायपेरिकम या वनस्पतींचा ऑलिव्ह तेलातला अर्क दिला, काहींना कान बधिर करणारे नेहमीचे औषधी थेंब. दोन्ही गटांत दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. २००३ मध्ये त्याच मंडळींनी १७१ मुलांवर मोठी चाचणी केली, अर्कात लव्हेंडर आणि ई जीवनसत्त्वाची भर घातली, काही मुलांना सोबत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिकही दिलं. वनस्पतींचे थेंब बधिर करणाऱ्या थेंबांपेक्षा थोडे सरस ठरले. पण लेखकांनी प्रामाणिकपणे पुढे हेही लिहिलं की दुखणं कमी होण्यातला सुमारे ८० टक्के वाटा नुसत्या उलटणाऱ्या वेळाचा होता. शिवाय काहीच थेंब न दिलेला असा गट दोन्ही चाचण्यांत नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा निबंध मुद्दाम वाचायला द्यायचे. 'लसणीचे थेंब प्रभावी' एवढा मथळा त्यातून काढता येतो आणि मथळा वाचून माणूस पुढचं वाचत नाही.

उलटणारा वेळ ही किती मोठी गोष्ट आहे हे दुसऱ्या बाजूनेही दिसतं. मध्यकर्णाच्या दाहावर अँटिबायोटिक द्यावं का, या प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये पुन्हा आढावा घेतला. अँटिबायोटिक घेतलेलं असो वा नसो, पहिल्या २४ तासांत ६० टक्के मुलांचं दुखणं थांबलेलं होतं. आजी ठामपणे सांगते की रात्री तेल घातलं आणि सकाळी नातू अंगणात खेळत होता, तेव्हा ती जे घडलं तेच सांगत असते. तेल घातलं नसतं तरी बहुतेक नातवंडं सकाळी खेळतच असती.

तेलाच्या तापमानाबद्दल मात्र आपल्या बायकांचं ज्ञान अचूक होतं. 'अंगाला सोसेल इतपतच कोमट' हे वाक्य मी आईकडून, आत्याकडून, वाड्यातल्या सगळ्या बायकांकडून ऐकलंय. फार गार किंवा गरम द्रव कानात गेला की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांतल्या पाण्यात प्रवाह सुरू होतो आणि गरगरायला लागतं. व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आणि तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावरच्या संशोधनासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. आजही चक्कर येणाऱ्या रुग्णाच्या कानात शरीराच्या तापमानापेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त, म्हणजे ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडून ही तपासणी करतात. फ्रिजमधून काढलेले थेंब तसेच कानात घातल्यावर भोवळ येते ती यामुळेच. डॉक्टरांनी दिलेली बाटलीसुद्धा काही मिनिटं मुठीत धरून मग वापरा.

ओव्याकडे मी वेगळ्या आदराने बघते. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. अमृतधारेत कापूर आणि पुदिनाफुलाबरोबर जे ओवाफूल पडतं ते हेच. आईसलंडमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांवर केलेला एक प्रयोग वाचल्यापासून माझ्या मनात घर करून आहे. उंदरांच्या मध्यकर्णात मुलांच्या कानात सापडतात तेच जंतू सोडून त्यांनी दाह निर्माण केला आणि बाहेरच्या नळीत बेझिल या तुळशीच्या जातभाईचं सुगंधी तेल, थायमॉल, कार्व्हाक्रॉल अशी उडनशील द्रव्यं ठेवली. द्रव पडदा ओलांडत नाही, पण वाफ ओलांडू शकते अशी त्यांची कल्पना. आणि खरोखरच हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जंतूचा दाह झालेल्या निम्म्याहून अधिक उंदरांचे कान बरे झाले. बिनऔषधाच्या गटात अगदी थोड्यांचे झाले. तुळस, ओवा, वाफ ही तर आपल्या स्वयंपाकघरातलीच मंडळी आहेत. या वाटेने पुढे कुणीतरी चांगलं औषध घडवावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते काम पुण्यात झालं तर त्याहून आनंद.

पण म्हणून अमृतधारेचा थेंब कानात सोडू नका. शुद्ध थायमॉल त्वचेला भाजतं. प्रयोगातल्या द्रव्यांची मात्रा मोजलेली होती आणि उंदराचा कान म्हणजे चार वर्षांच्या बाळाचा कान नव्हे. तुळशीच्या रसाचंही हेच. पानांत युजेनॉल आहे, ते लवंगेतही असतं, बधिरही करतं. पण अंगणातल्या तुळशीची पानं चुरगळून पिळलेला रस म्हणजे युजेनॉल नव्हे. त्यात पाणी असतं, पानावरची धूळ असते, मातीतल्या बुरशीचे बीजाणू असतात. कांद्याच्या आणि आल्याच्या रसाचं प्रकरण तर एका ओळीत संपवते: चुरचुरतं, आणि उपयोगाचा पुरावा नाही.

ओव्याची पुरचुंडी मात्र करा. आमच्याकडे ती अशी करतात. लोखंडी तव्यावर मूठभर ओवा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचा. मऊ झालेल्या सुती फडक्यात, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम, दुहेरी करून बांधायचा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघायचा आणि मग कानामागे, कानाखाली, गालाच्या कडेने हलकेच टेकवत न्यायचा. कानाच्या भोकावर दाबून धरायचा नाही. पाच-दहा मिनिटं पुरे. झोपलेल्या मुलाच्या उशाशी गरम पुरचुंडी ठेवून निघून जाऊ नये, आणि अगदी तान्ह्या बाळाला असा शेक देऊच नये, त्याला भाजलेलं सांगता येत नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा कानदुखीला गरम किंवा गार फडकं कानावर ठेवायला सांगते, आणि कानात काही घालू नका हेही बजावते. ओवा नसेल तर तव्यावर गरम केलेला रुमाल चालेल. मला ओवा आवडतो, कारण त्याच्या वासाने रडणारं मूल थोडं शांत होतं, आणि नाक चोंदलं असेल तर तेही जरा मोकळं वाटतं.

सुदर्शनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात नळाच्या ओट्यापाशी, सांडपाण्यावर वाढलेलं सुदर्शनाचं मोठं झुडूप होतं. हातभर लांब रसरशीत पानं, पावसाळ्याच्या तोंडाला येणारी पांढरी सुवासिक फुलं. वाड्यात कुणाचाही कान ठणकला की त्याचं पान तोडून निखाऱ्यावर शेकायचं, मऊ झालं की पिळायचं आणि तो चिकट रस कोमट असतानाच कानात. भाडेकरू बदलले तरी झुडूप आणि उपाय दोन्ही टिकून होते. आता वाडाही नाही, पण निघताना आईने एक कंद आणला, तोच माझ्या गच्चीतल्या कुंडीत आहे.

ही वनस्पती क्रायनम या प्रजातीतली. तिच्या कुळात लायकोरिनसारखी अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी वनस्पतिजन्य द्रव्यं असतात. हे कुळ साधंसुधं नाही. स्मृतिभ्रंशावर वापरलं जाणारं गॅलेंटामिन, ज्याला अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली, ते याच कुळातल्या एका युरोपीय फुलझाडात प्रथम सापडलं. सुदर्शनाच्या अर्काने सूज कमी होते असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, म्हणजे कानदुखीवर हे पान कुणीतरी उगाच निवडलं नव्हतं. पण लायकोरिन पोटात गेलं तर उलट्या होतात, जास्त गेलं तर विषबाधा होते. आणि पानाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे दिसतात. अळूने घसा खाजतो तो अशाच सुयांनी. पडद्याला भोक असेल आणि हा रस आत गेला, तर तो मध्यकर्णात पोचतो. तिथून आतल्या कानात जायला दोन नाजूक पातळ पडद्यांच्या खिडक्या आहेत. अल्कलॉइड आणि सुया तिथे पोचवण्याची जोखीम कोण घेईल?

आणखी एक भानगड आहे. नर्सरीत सुदर्शन मागितलं की क्रायनमच्या वेगवेगळ्या जाती मिळतात, कधी स्पायडर लिलीही हातात पडते. नुसती पानं बघून फरक कळणं सोपं नाही. आमच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी वनस्पती आणली की ती आधी ओळखून घ्यावी लागे. त्यासाठी कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संस्थेत फुलासकट नमुना दाबून, वाळवून न्यायचा. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत घालायच्या पानासाठी आपण एवढी काळजी घेतो, मग मुलाच्या कानात पिळायचं पान कुठूनही कसं चालेल?

रुईचं पान तूप लावून तापवून त्याचा रस कानात पिळायचा, हा उपाय जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांतही आहे. शनिवारी कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा मिळतात, त्यामुळे पान सहज हाताशी येतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते आणि नजर अंधुक होते. पान पिळणाऱ्याचा हात नकळत डोळ्याला लागतो. हा उपाय घरी अजिबात करू नका.

तान्ह्या बाळांचा प्रश्न पावसाळ्यापुरता नाही. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी टाळू भरतात, अंगाला तेल चोळतात, धुरी देतात आणि शेवटी कानात आणि नाकात तेलाचे थेंब सोडतात. त्यांच्या हातातली माया आणि सफाई मी जवळून पाहिली आहे. माझ्या नातीला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना मी एवढंच म्हटलं, "मावशी, अंगाला हवं तेवढं तेल लावा, पण कान आणि नाक राहू द्या." नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्यांना समजावलं. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या घरी स्वतः सांगितलंही.

पुण्याच्या पावसाळ्यात तेलाचा आणखी एक धोका असतो, बुरशीचा. कानाची नळी उबदार, हवा दमट, आणि वर तेलाचा ओलावा. ॲस्परजिलस आणि कॅन्डिडा या बुरशींना याहून चांगली जागा मिळणार नाही. भारतातल्या कान-नाक-घसा विभागांच्या अभ्यासांत कानात तेल घालण्याची सवय हे या बुरशीचं एक कारण म्हणून नोंदवलेलं आहे. आधी नुसती खाज येते, मग कान दडतो, मग ठणकतो. दुर्बिणीतून बघितलं तर ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा काळपट-करडा थर दिसतो. आणि खाज आली म्हणून माणूस आणखी तेल घालतो.

मळाचं काय, असं हमखास विचारतात. तिथे तेलाला जागा आहे. पडदा शाबूत असेल आणि मळ घट्ट बसला असेल, तर पाचेक दिवस थेंब घालून तो मऊ करणं हे काहीच न करण्यापेक्षा बरं, असा कॉक्रेनचा २०१८ चा आढावा सांगतो. पण एका प्रकारचे थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असं त्यात दिसलं नाही, अगदी साधं पाणी किंवा सलाइन धरूनसुद्धा. तेव्हा महागड्या बाटलीचा आग्रह नको, आणि लसणीचाही नको.

दुखण्यावर खरोखर चालणारी गोष्ट बहुतेक घरांत असते आणि तीच आपण शेवटी काढतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत मध्यकर्णाचा दाह झालेल्या २१९ मुलांना अँटिबायोटिक सगळ्यांनाच दिलं. त्याखेरीज काहींना पॅरासिटामॉल, काहींना आयब्युप्रोफेन, काहींना बिनऔषधाची नक्कल दिली. दोन दिवसांनी दुखणं उरलेली मुलं नकलेच्या गटात २५ टक्के होती, पॅरासिटामॉलच्या गटात १० आणि आयब्युप्रोफेनच्या गटात ७. समोरच्या इमारतीतल्या त्या आईलाही मी हेच सांगितलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेल्या मात्रेत तापाचं औषध दे, ओव्याचा शेक दे, उशी थोडी उंच कर आणि सकाळी कान दाखवून आण. मात्रा वजनावर ठरते, बाटलीवर लिहिलेल्या वयावर नव्हे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी औषध न देता लगेच डॉक्टरकडेच न्यायचं.

सकाळची वाट बघू नये अशा गोष्टीही लिहून ठेवते. कानामागे सूज, लाली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं. तोंड एका बाजूला वाकडं होणं. मान ताठरणं, न थांबणाऱ्या उलट्या, गरगरणं. एकाएकी ऐकू न येणं. मूल सुस्त, हाक मारली तरी न उठणारं. यातलं काहीही दिसलं तर रिक्षा पकडा आणि थेट ससूनचा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान रात्री असह्य ठणकत असेल, तर तोही साधा कान समजू नका, बाहेरच्या नळीचा जंतुसंसर्ग अशा माणसात हाडापर्यंत जाऊ शकतो.

आणि फुटलेला कान. आपल्याकडे वर्षानुवर्षं कान वाहणारी माणसं पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात कान सतत वाहण्याच्या आजाराचं सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत भारताचा समावेश होता. अशा कानात सुदर्शनच काय, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंबसुद्धा नकोत, कारण काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानाला घातक असतात. घाण वास येणारा स्राव असेल तर आत हाड पोखरणारी वाढ असू शकते. ती तेलाने जिरत नाही, तिच्यावर शस्त्रक्रियाच करावी लागते.

हे सगळं वाचून आयुर्वेद मानणारे माझे काही वाचक नाराज होतील, त्यांच्यासाठी थोडं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग वेगवेगळे सांगितलेले आहेत आणि प्रत्येकाची चिकित्सा वेगळी आहे. ठणकणारा, वाहणारा, खाजणारा, किडा गेलेला, असे सगळे कान तिथे स्वतंत्र आहेत. सगळ्यांना एकच पळीतलं तेल, हे आपल्या घरांचं सोपं करून टाकणं आहे, शास्त्राचं नव्हे. कान, नाक, घसा आणि डोळे यांचं शालाक्यतंत्र हा आयुर्वेदात पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. रास्ता पेठेत १९३३ पासून टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेलं ताराचंद रुग्णालय आहे. तेव्हा कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरण्याचा उपचार, करून घ्यायचा असेल तर शालाक्याच्या वैद्यांकडे जा आणि तेल घालण्याआधी दुर्बिणीने कान बघायला सांगा. बघून झाल्यावर पडदा कसा आहे, कुठलं तेल, किती थेंब, किती दिवस, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. काष्ठौषधींच्या दुकानातून कानाचं तेल मागून आणायचंच असेल, तर तो कागद बरोबर असू द्या.